डावं कुणाचं?

“डावं म्हणजे तुझं डावं नव्हे, समोर झोपलाय त्याचं.” शरीररचनाशास्त्राच्या पहिल्याच तासाला घोरपडे मॅडमनी मला हे ऐकवलं. येलवालहून बसने आलेली मी, समोरचं शव पाहून दोन पावलं मागे सरले होते. त्या हळूच म्हणाल्या, “सुम्ने, उगाच भिऊ नको गं. आधी त्यांना नमस्कार कर.”

मज्जासंस्थेतल्या दिशा आम्हाला कळत नसत. मज्जारज्जूत ‘डॉर्सल’ म्हणजे मागे, मग मेंदूत तेच वर कसं? एकदा मॅडमनी पदर खोचला आणि भर वर्गात फरशीवर रांगू लागल्या.

“पाठ कुठे?”

“वर!”

मग उठून उभ्या राहिल्या. “कणा उभा झाला, पाठ मागे गेली. पण डोळे समोर हवेत, म्हणून मेंदू पुढे वाकला. त्याची पाठ वरच राहिली. हसून झालं? आता तुम्ही रांगा.”

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा त्या दवाखान्यात आल्या. वडील आईकडे बघत नव्हते. रागावलेत, असं समजून ती रडत होती. मॅडम तिला म्हणाल्या, “अक्का, त्यांना उजवीकडचं दिसत नाही. या बाजूला येऊन बसा.” आई त्यांच्या डावीकडे आली आणि वडिलांनी तिचा हात धरला. हेच सांगणारा स्कॅनचा रिपोर्ट त्यानंतर आला.

आज मी रेडिओलॉजिस्ट आहे. मेंदूचे आडवे-उभे छेद पाहण्यात दिवस जातो. म्हणूनच गेल्या महिन्यात विजयनगरला त्यांच्या घरी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी आम्ही माजी विद्यार्थी बसलो असताना माझं लक्ष बोलण्यात राहिलं नाही. मॅडमच्या ताटातला डोसा त्यांच्या उजवीकडून संपला, डावीकडचा तसाच राहिला. आत जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागला. मी कळवळून विचारलं, तर म्हणाल्या, “अय्यो, पंचाहत्तरीला चौकटी अरुंद होतात गं!” सगळे हसले. मला हसता आलं नाही. तेव्हापासून फोन केला की त्या माझ्याच तब्येतीची चौकशी करतात आणि ठेवून देतात.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी अगदी मनापासून लिहिते आहे. पण नुसतं लिहून माझी भीती जात नाही. म्हणून आपणा सर्वांच्या साक्षीने विचारते. मॅडम, समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन येईन. मशीनमध्ये थोडा वेळ स्वस्थ पडायचं, एवढंच. तुम्ही नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरीही, चपला घालून तयार राहाल का?