अरीनाचा नारळ

शेंडी नसलेला नारळ पूजेला चालत नाही, हे इथल्या, इंग्लंडातल्या सुपरमार्केटला कोण सांगणार. तिथे मिळतो तो गुळगुळीत, नुकताच न्हाव्याकडून आल्यासारखा. म्हणून एका रविवारी मी गाडी काढून थेट लेस्टर गाठलं आणि बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांतून शेंडीचे नारळ घेऊन आले. एक फोडायला, आणि तो कुजका निघाला तर वरचे दोन. नवरा म्हणाला, "एवढ्या पेट्रोलमध्ये नारळाचं झाड आलं असतं." मी लक्ष दिलं नाही. आमच्या शहराच्या मध्यभागी नवा स्पोर्ट्स अरीना उभा राहणार होता आणि त्याचं भूमिपूजन आमचं मराठी मंडळ करणार होतं.

भूमिपूजन करा असं आम्हाला कुणीही म्हटलं नव्हतं, हे आधीच सांगते. बांधकाम कंपनीची एक मुलगी होती. आजूबाजूच्या लोकांशी गोडीगुलाबीने वागायचं, एवढंच तिचं काम. ती मंडळात आली आणि म्हणाली, पाया घालायच्या दिवशी तुमचे ते मोठे ड्रम्स वाजवाल का? म्हणजे आमचं ढोलपथक. झालं. या देशात येऊन केस पिकले, तरी कुणी कुठे खड्डा खणतोय म्हटलं की आमचा हात आपोआप हळदी-कुंकवाकडे जातो. मीच म्हटलं, नुसते ढोल काय वाजवायचे, रीतसर पूजाच करू. ती मुलगी हातातल्या कागदांकडे बघत राहिली, मग म्हणाली, दॅट वुड बी लव्हली. मला वाटलं, काय गुणी पोर आहे.

स्टेशनच्या मागचा तो सगळा भाग म्हणजे शहराची अडगळीची खोली होती. बंद पडलेली मोज्यांची गिरणी, टायरवाला, कार्पेटचं दुकान, खिडक्यांना फळ्या ठोकलेला पब. आता तिथे आइस हॉकी, बास्केटबॉल, वर कॉफीची दुकानं आणि काचेचे फ्लॅट येणार म्हणून मंडळातले सॉफ्टवेअरवाले हरखून गेले होते. त्याच भागात, गिरणीच्या कुशीला, लाल विटांचा एक जुना हॉल होता. मालकी कुठल्याशा ट्रस्टची, पण किल्ली आमच्या काकूंकडे. आमचा गणपती तिथे बसायचा, ढोल तिथे ठेवलेले असायचे आणि दर शुक्रवारी दुपारी काकू तिथे म्हाताऱ्या माणसांना जेवायला घालायच्या.

काकू म्हणजे या शहरात आलेल्या पहिल्या मराठी डॉक्टरांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काका गेल्यावर घरात एकटीसाठी कुकर लावणं जिवावर यायचं म्हणून त्यांनी हे शुक्रवारचं जेवण सुरू केलं. गुजराती आजोबा यायचे, जमैकाच्या एक आजी यायच्या, बस चालवून रिटायर झालेला एक गोरा यायचा, तो खिशात स्वतःची तिखट सॉसची बाटली घेऊन. काकूंची आमटी त्याला सपक लागायची. काकू त्याला म्हणायच्या, "मेल्या, जीभ जळेल." तो मराठीतच "बरं" म्हणायचा.

काकूंचा मुलगा दूर मिल्टन कीन्सला, रुंद रस्त्यांच्या नव्या शहरात. त्याचा एकच धोशा होता, आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण काकूंना गाडी येत नाही, आणि मिल्टन कीन्समध्ये गाडी नसलेलं माणूस म्हणजे घरात ठेवलेली कुंडी. इथे त्या ट्रॉली ओढत पायी हॉलवर जायच्या, वाटेत दहा जणांशी बोलायच्या. त्यांनी मुलाला ठणकावून सांगितलं होतं, "शुक्रवारचं जेवण बंद पडेल, त्या दिवशी येते. तोवर विषय काढायचा नाही."

तर नारळ कुणी फोडायचा, यावर मंडळात खल सुरू झाला. मी म्हटलं, काकू. खजिनदार चाचरत म्हणाले, "एक तर बायका नारळ फोडत नाहीत. त्यातून... म्हणजे काका नाहीत आता." माझं डोकं फिरलं. "दर शुक्रवारी डबा भरून घरी नेता तेव्हा काका आहेत की नाहीत हे आठवत नाही वाटतं?" खजिनदारांचा चेहरा पडला आणि ठराव पास झाला. काकूंना सांगायला गेले तर त्या पुसलेला ओटाच पुन्हा पुसत राहिल्या. मला वाटलं, रूढीचं भय. शेवटी म्हणाल्या, "तू एवढी भांडलीस माझ्यासाठी? मग फोडते."

त्या दिवशीचं काकूंचं ध्यान मी विसरायची नाही. जांभळी नऊवारी, त्यावर पिवळं जॅकेट, अंबाड्यावर कसंबसं बसवलेलं हेल्मेट, आणि नारळाचे तुकडे उडतील म्हणून डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा. सेफ्टीवाल्याने नारळ हातात घेऊन असा तपासला, जसा काही बॉम्ब. समोर पायाचा खड्डा. मी आयुष्यात एवढा खोल खड्डा पाहिला नव्हता. काकू काठावर हात जोडून डोळे मिटून उभ्या राहिल्या, त्या इतका वेळ, की फोटोवाले चुळबुळायला लागले. मग एका घावात नारळाची दोन शकलं. ढोल सुरू झाले. सूटबूटवाले प्रसादाला हात पुढे करून उभे होते, पण काकू त्यांच्याकडे न बघता मागे गेल्या आणि आधी कामगारांना खोबरं वाटलं, एकेकाच्या तळहातावर. मला हसू आलं. काकूंना कोण मोठं, कोण छोटं याचा पत्ताच नाही, असं वाटलं.

पुढे अरीना भराभर वर चढला. टायरवाला गेला, कार्पेटचं दुकान गेलं. पबच्या जागी काचेची इमारत आली, तळाशी विक्रीचं ऑफिस आणि तिथे भर दिवसा दिवे. आम्ही येता-जाता म्हणायचो, बघ, आपल्या नारळाचा पायगुण.

मग एका शुक्रवारी दुपारी मी हॉस्पिटलच्या फार्मसीतून लवकर सुटले. गणपतीच्या प्रॅक्टिससाठी ढोल बाहेर काढायचे होते, म्हणून हॉलवर निघाले. एरवी शुक्रवारी मला यायला जमायचं नाही. कोपरा वळले आणि रस्ताच संपला. समोर दोन पुरुष उंच निळं कुंपण, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉलचं फक्त कौलारू छप्पर वर दिसत होतं आणि त्याच्यावर क्रेनची सावली. आणि कुंपणावर काकू होत्या.

भिंतीएवढा फोटो. जांभळी नऊवारी, हेल्मेट, हातात नारळ, डोळे मिटलेले. खाली मोठ्या अक्षरांत, हे शहर सगळ्यांचं. त्या सगळ्यांच्या शहराला मधोमध एक दार होतं आणि दाराला कुलूप. कुंपणाच्या कडेला तो रिटायर बसवाला उभा होता, खिशात सॉसची बाटली. मी विचारलं, आज जेवण नाही? तो म्हणाला, "मागच्या शुक्रवारी शेवटचं झालं ना. गोड पोळ्या केल्या होत्या तिने. मला ठाऊक आहे बंद झालंय. पण शुक्रवार आहे म्हणून आलो."

इतक्यात ती कंपनीची मुलगी किल्ली घेऊन दाराकडे आली. मी तिला धरलंच. हॉल पाडताय? कुणाला विचारून? आमच्या मंडळाला कुणी सांगितलं? ती पांढरीफटक पडली. म्हणाली, हॉल दुसऱ्या टप्प्यात जाणार हे सुरुवातीपासून ठरलेलं होतं, ट्रस्टने जागा केव्हाच विकली होती. "पण आम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, सोहळ्याच्या आधी." कुणाला, मी ओरडले. तिने हात वर केला आणि कुंपणावरच्या काकूंकडे बोट दाखवलं.

तिथून काकूंच्या घरी मी कशी पोचले, मला आठवत नाही. दार उघडंच होतं. आत काकू जमिनीवर बसून स्टीलचे डबे टॉवेलांत गुंडाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ढोल माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवलेत हो. ओल लागायला नको." जसं काही मी ढोलांसाठीच धापा टाकत आले होते.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"नारळ फोडायच्या आधी?"

"आदल्या आठवड्यात आली होती ती पोर. सांगताना रडायलाच लागली. मग मीच चहा करून दिला तिला."

आमच्याच हाताने आम्ही आमचा हॉल मोडायला मुहूर्त दिला, ढोल बडवले, पेढे वाटले, आणि त्या सगळ्यात एकट्या या बाईला ठाऊक होतं. मला त्या मुलीचा राग आला, कंपनीचा आला, आणि सगळ्यांत जास्त काकूंचा आला. मी म्हटलं, "मग फोडलात कशाला? सरळ नाही म्हणायचं होतं. निदान मला तरी सांगायचं. मी तो नारळ त्यांच्याच टाळक्यात घातला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं तुला."

"अहो, पण भांडलो असतो आपण."

"कशावर? जागा आपली होती का? विकून मोकळे झाले ते." त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "आणि खड्डा पाहिलास ना तू? केवढा खोल होता. त्यात कुणाकुणाची पोरं उतरायची होती. नारळ त्यांच्यासाठी असतो गं. हॉल जाणार म्हणून त्यांना तसंच खाली जाऊ द्यायचं?"

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "आणि दुसरं असं, की हे गेल्यापासून मला कुणी पूजेला पुढे उभं केलं नव्हतं. हळदी-कुंकवाला बोलावतात, पण कोपऱ्यातली खुर्ची देतात. तू चारचौघांत भांडून मान मिळवून दिलास. तो नको कसा म्हणू?"

मी ढसाढसा रडले. काकूंनी टॉवेल पुढे केला, त्यात बांधायचा डबा बाजूला काढून ठेवून. रविवारी मुलगा येऊन त्यांना मिल्टन कीन्सला घेऊन गेला. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

कुंपण बरेच महिने तसंच होतं. हॉस्पिटलकडचा नेहमीचा रस्ता खणला होता, म्हणून कामावर जाताना मला आता त्या कोपऱ्यावरून जावं लागे. पावसाने फोटोतला जांभळा रंग उतरत गेला, पण काकू डोळे मिटून उभ्याच. मागे हॉल कधी पडला ते कळलंही नाही. एक दिवस छप्पर दिसेना, एवढंच. मंडळाने गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसवला. खजिनदार आरतीच्या वेळी काकूंचं नाव काढून गहिवरले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

परवा अरीना उघडला. बास्केटबॉलची पहिली मॅच, रोषणाई, स्टेशनपर्यंत गर्दी. मी गेले नाही. शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, काकूंना फोन लावला.

"झाला का गं पुरा तो अरीना?" त्यांनी विचारलं.

"झाला, काकू."

"बांधताना कुणाला काही इजाबिजा झाली नाही ना?"

"नाही. सगळे धडधाकट आहेत म्हणतात."

"चला, बरं झालं," असं म्हणून त्यांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "आज मेली आमटीच चुकली बघ. माझा हातच मोठा झालाय, थोडं करता येत नाही. पातेलंभर झाली. फ्रीजर आधीच भरलाय. म्हटलं बघू, कुणी ओळखीचं नसलं तर नसलं, वाटीभर तर देऊ. घेतलं पातेलं आणि जाऊन उभी राहिले दारात. हात भरून आले गं. गाड्या जातात नुसत्या. एक माणूस चालत जाताना दिसेल तर शपथ."