वाडीवरचा विलायती कुत्रा

त्या प्रकरणाची कागदपत्रे कधीच निकाली निघाली. मी निवृत्त होऊनही काही वर्षे झाली. पण ती घटना माझ्यापुरती अजून मिटलेली नाही, एकही उन्हाळा तिच्या आठवणीशिवाय गेलेला नाही. आठवणी लिहायला बसलेला पोलीस बहुधा आपण उलगडलेले गुन्हे सांगतो. हे प्रकरणही उलगडले होते, तेही एका दिवसात. तो एक दिवसच महाग पडला.

नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षे मी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतच फिरत होतो. गस्त घालणाऱ्याला हद्दीतली माणसे कळायच्या आधी कुत्री कळतात. खोपोलीत जुन्या कारखान्यांच्या वसाहतींमध्ये पॉमेरेनियन असायचे. एके काळी तिथे घरोघर होते, आता उरलेले म्हातारे होऊन निवृत्त कामगारांच्या खुर्चीखाली पडलेले असत. शिळफाट्याच्या पेठेत दुकानांच्या पायऱ्यांवर गावठी कुत्री, कुणाचीच नसलेली आणि सगळ्यांच्या हातचे खाणारी. मुसलमान मोहल्ल्यात घरात कुत्रा नसे, मांजरे असत. पण बेकरीच्या मागच्या दाराशी चार कुत्री ठरलेल्या वेळेला पावाची वाट पाहत बसत आणि बेकरीवाले चाचा त्यांना कधी रिकामे पाठवत नसत. कर्जत स्टेशनजवळच्या नव्या इमारतींत हातात मावणारी केसाळ कुत्री, लिफ्टने खाली येणारी. भातशेतीच्या गावांत मोती आणि वाघ्या. फार्महाऊसवर लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, आणि अलीकडे निळ्या डोळ्यांचे, बर्फातल्या मुलखातले हस्की. डोंगरातल्या ठाकूर आदिवासींच्या वाड्यांवर सडपातळ, उभ्या कानांची कुत्री, जी रानात मालकाच्या चार पावले पुढे चालतात.

यावरून मी एक नियमच करून टाकला होता. कुत्रा आपल्या वस्तीबाहेर दिसला की समजावे, काहीतरी गडबड आहे. शिळफाट्याला एका गॅरेजमागे बांधलेला जर्मन शेफर्ड पाहून मी एका बंगल्याची घरफोडी उघडकीला आणली होती. वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्यानंतर नवीन शिपाई आला की मी त्याला ही विद्या शिकवत असे, आणि शिकवताना मला फार बरे वाटे.

मे महिन्यातला शनिवार होता. दुपारी बाराच्या सुमारास मुंबईचे एक गृहस्थ आणि त्यांची विशीतली मुलगी पोलीस ठाण्यात आली. कशेळ्याच्या पुढे त्यांचे फार्महाऊस होते. सुट्टीसाठी सकाळी आले तर फाटकाला कुलूप, राखणदार गायब आणि हस्की जातीचा कुत्राही गायब. राखणदार साठीचा, खालापूर तालुक्यातल्या एका गावचा शेतकरी. सगळे त्याला बाबा म्हणत. आठवड्यातून एकदा घरी जायचा, एरवी फार्महाऊसच्या खोलीत एकटाच. मुलगी रडत होती. वडील जास्त बोलत नव्हते. "चोरीलाच गेला असणार," एवढे मात्र ते दोनदा म्हणाले.

मी जागेवर जाऊन पाहणी केली. बाबांच्या खोलीत कपडे दोरीवर होते, आणि मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. माझे हवालदार जुने, शांत माणूस. ते म्हणाले, "साहेब, पळून जाणारा माणूस फोन ठेवून जाईल का?"

"फोनवरून माग काढतात हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे," मी म्हणालो. हवालदारांनी खोलीचे दार ओढून घेतले. हुशारी दाखवायची माझी खोडच होती.

बाबांची बेपत्ता म्हणून नोंद घेतली, गावी निरोप धाडला. बाबा तिकडेही पोहोचले नव्हते. तेवढ्यात खबर आली. कशेळ्याच्या नाक्यावर माणशी भाडे घेणारी वडाप जीप चालवणारा एक जण आमच्या ओळखीचा होता. त्याने फोन केला, "साहेब, वरच्या ठाकूरवाडीत एक पांढरा कुत्रा हाय. डोळं निळं हायेत. गुरुवारपासून हाय म्हंतात."

निळ्या डोळ्यांचा कुत्रा आणि ठाकूरवाडी! माझ्या लेखी तपास तिथेच संपला.

चार वाजता आम्ही वाडीवर पोहोचलो. कुत्रा एका झोपडीच्या पडवीत, ओल्या गोणपाटावर पडलेला होता. घरवाला पस्तिशीचा ठाकूर, करवंदे-जांभळे विकायला कशेळ्याच्या बाजारात येणारा, अधूनमधून फार्महाऊसवर गवत कापायला जाणारा. मी त्याला आणि कुत्र्याला गाडीत घालून ठाण्यात आणले.

चौकशीला मीच बसलो. कुत्रा कुठून आणला? केव्हा आणला? कुणाला विकणार होतास? बरोबर कोण होते? तो प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होता.

"सायेब, बाबांनीच दिला. शेठचा फोन आलता म्हनं, याला नेऊन लांब सोड. बाबांचं मन झालं नाय. मला म्हनलं, हितं उन्हानं मरंल रं, तुमच्या वाडीवर वारा हाय, घेऊन जा. बाबा सोता आलं पोचवाया."

"लाखाच्या घरातला कुत्रा कुणी तुला फुकट देतो?"

"दिला सायेब. अंगावर चट्टं पडलंतं त्याच्या. आमी करंजाचं त्याल लावलं."

"आणि बाबा कुठे आहेत?"

"त्याच सांजेला माघारी गेलं, घळीच्या वाटंनं. बंगल्यावर पोचलं नाय का सायेब?" त्याचा चेहरा एकदम उतरला. "मग मला जाऊ द्या. ती वाट लय वंगाळ हाय, पाचोळ्यावरनं पाय सरकतो. मी बघून येतो. तुमचा मानूस द्या वाटलं तर संगं."

मी हसलो. सुटायचे निमित्त शोधतोय, असे मला वाटले. आणि तो पुन्हा पुन्हा "जाऊ द्या, बघून येतो" म्हणू लागला, उठून दाराकडे निघाला, तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. एकदाच मारली, पण मारली. तो खाली बसला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या गप्प बसण्याचाही माझ्या सोयीचा अर्थ लावला. हवालदार म्हणाले, "साहेब, घळीत एकदा माणूस पाठवू या का?" मी म्हणालो, उद्या बघू.

माझ्याच हद्दीतली एक गोष्ट मला त्या वेळी आठवली नाही, याचे मला आजही नवल वाटते. खालापूरच्या टोलनाक्याजवळ गाड्या थांबवून लोक चांगली चांगली कुत्री सोडून जातात. आजारी पडलेली, म्हातारी झालेली, घर बदलताना नकोशी झालेली. गळ्यात महागडा पट्टा आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावणारी ती कुत्री मी स्वतः कितीदा पाहिली होती. श्रीमंताचे कुत्रे चोराशिवाय वस्तीबाहेर जात नाही, हा माझा नियम त्या नाक्यावर रोज खोटा ठरत होता. मी तो तिथे कधी लावून पाहिलाच नाही.

रविवारी सकाळी बापलेक कुत्रा ओळखायला आले. मुलीने धावत जाऊन त्याला मिठी मारली आणि लगेच हात मागे घेतला. त्याच्या पाठीवर, पोटाखाली केस गळून कातडी लाल झाली होती आणि त्यावर तेल चोपडलेले होते. तिने बोटाचा वास घेतला.

"हे काय लावलंय?"

रात्रभर ठाण्यातच कोपऱ्यात बसवलेल्या त्या ठाकुराने मान वर केली नाही. "करंजाचं त्याल," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "खाज थांबती."

मुलगी वडिलांकडे वळली. "पपा, याचं इतकं वाढलं होतं? तुम्ही तर म्हणालात, डॉक्टर घरी येऊन औषध देऊन गेले. आणि चोर कशाला तेल लावत बसेल?"

वडील खिडकीबाहेर पाहत राहिले. मी इतकी वर्षे माणसांची तोंडे वाचत आलो होतो, ते तोंड मला तेव्हा वाचता आले. मी त्यांना आत बोलावले आणि दार लावले. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"मी बुधवारी फोन केला होता बाबांना," ते म्हणाले. "म्हटलं, आम्ही यायच्या आत त्याला लांब कुठेतरी सोडून या. ट्रीटमेंट करून कंटाळलो होतो. मुलीला सांगितलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. तिच्यासमोर कसं बोलणार?"

"काल तक्रार देताना तरी सांगायचं होतंत."

"तेव्हाही ती शेजारीच होती."

मला त्यांचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. कारण त्याच क्षणी मला दुसरे काहीतरी कळले होते. कोपऱ्यातला माणूस खरे बोलत होता. म्हणजे बाबा गुरुवारी संध्याकाळी घळीच्या वाटेने निघाले होते, हेही खरे होते.

आम्ही धावतच निघालो. वाट तोच दाखवत होता. मी त्याची माफी मागायला हवी होती, पण ती मी मागितली नाही, आणि तो थांबतही नव्हता. वाडीपासून अर्ध्या तासावर एका वळणाशी तो थबकला. खाली पाचोळा खरवडल्याची लांब खूण होती. त्याने हाक मारली, "बाबा! ओ बाबा!" खालून काही आले नाही. तो बसत-घसरत उतरला आणि थोड्या वेळाने त्याचे रडणे ऐकू आले.

पंचनामा मी केला. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता. त्यांनी दोन काटक्या लावून तो गमछ्याने नीट बांधला होता. पडल्या जागेपासून ते वीसेक हात सरपटत आले होते, कोरड्या ओढ्याच्या दिशेने. वाटेत करवंदाची जाळी होती आणि त्यांची बोटे करवंदाच्या रसाने काळी झाली होती. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत फाटल्या होत्या. हवालदार टोपी काढून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर तरुण होते, त्यांना आधीचे काही माहीत नव्हते. ते सहज म्हणाले, "पाण्यावाचून गेले. शनिवारी संध्याकाळपर्यंत तरी जिवंत असावेत." शनिवारी संध्याकाळी मी माझ्या खुर्चीत बसून त्या माणसाला विचारत होतो, कुत्रा कुणाला विकणार होतास.

मी परत येऊन त्याचा जबाब वाचला. माझ्याच हाताने लिहिलेले चार कागद. प्रत्येक प्रश्न कुत्र्याविषयी. घळीची वाट, पाचोळा, 'मी बघून येतो', यातले अक्षरही त्यात नव्हते, कारण ते मला तपासाशी संबंधित वाटलेच नव्हते. झाले ते सगळे मी वरिष्ठांना लेखी कळवले. चौकशी झाली, ताशेरे ओढले गेले, एक वेतनवाढ थांबली. मालकांना कुठले कलम लावणार? गप्प राहण्याला कलम नसते. मुलगी कुत्रा घेऊन गेली. जाताना ती वडिलांच्या गाडीत बसली नाही.

आता शेवटचे. रविवारी दुपारी बाबांची बायको सरकारी दवाखान्यात आली. बारकीशी, डोक्यावर पदर घेतलेली, बरोबर पुतण्या. तो कागदांवर सह्या करत होता. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. थोड्या अंतरावर तो ठाकूर भिंतीला टेकून बसला होता. त्याला घरी जायला मोकळीक होती, पण तो गेला नव्हता.

"सायेब," ती म्हणाली, "लय वेळ पडून व्हतं का वो? हाका मारल्या असतील का कुनाला?"

मी आयुष्यात खूप लोकांना वाईट बातम्या दिल्या. खरे सांगायचे धैर्य माझ्यात होते असे मी समजत होतो.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "पडल्या पडल्याच गेले. त्यांना कळलंही नसेल."

मग ती त्या माणसाकडे वळली. "तू काढलंस ना रं त्यांना? खरं हाय का हे?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्याच्या गालावर माझी बोटे आता दिसत नव्हती, पण मला ती दिसत होती. त्याने एक शब्द उच्चारला असता तर माझे खोटे उघडे पडले असते.

"व्हय गं आये," तो म्हणाला. "सायेब म्हंतात तसंच. लगीच गेलं बाबा. तरास नाय झाला."

ती खाली बसली आणि मग मोकळेपणाने रडली. तो तिच्याजवळ जाऊन बसला. मी बाहेर गाडीपाशी गेलो. तो खोटे बोलला ते तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, एवढे मला कळत होते. ज्याच्या खऱ्यावर मी विश्वास ठेवला नाही, त्यानेच माझे खोटे सांभाळून घेतले.

या प्रकरणाने काय शिकवले, असे नव्या अधिकाऱ्यांनी मला विचारले आहे. कुठला माणूस कुठल्या वस्तीतला, यावरून त्याचे बोलणे तोलू नका, एवढेच मी त्यांना सांगतो. ते मान डोलावतात आणि वहीत लिहून घेतात. मला ते कळायला एका म्हाताऱ्याला तीन दिवस घळीत पडून राहावे लागले, हे मात्र मी त्यांना कधी सांगू शकलो नाही.