खारीसाठी मागे फिरणारं अस्वल

माझा नवरा अस्वल होता आणि सून खार. रोज संध्याकाळी दोघं मिळून आमच्या हॉलमध्ये जंगल पार करायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत जळायचे. एकदा त्या नादात फोडणीही जळली.

गेम खेळायचं यंत्र मुलाने स्वतःसाठी आणलं होतं. पण वाळूजच्या कंपनीत त्याची शिफ्ट बदलली आणि त्याचा रिमोट वडिलांच्या हातात आला. सुनेने लहानपणी प्राण्यांचे काही विनोदी कार्टून सिनेमे पाहिले होते, त्यांच्यावरूनच हा गेम केलेला. घरच्यांनी मिळून खेळायचा. मारामारी नाही, हारजीत नाही, दोघांनी मधाच्या बरण्या गोळा करत पुढे जायचं. एकजण खड्ड्यात पडला की तो तिथेच बसून राहतो. दुसऱ्याने मागे येऊन हात दिला तरच उठतो.

आणि आमचे हे मागे यायचे. खार पडली की समोरच्या बरण्या सोडून अस्वल धावत सुटायचं. वर तोंडाने, "आलो बाई, आलो, घाबरू नको." इतकं मऊ बोलणं या माणसाजवळ शिल्लक होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या वाट्याला आलं ते "चहा टाक" आणि "माझा चष्मा कुठं ठेवलास".

सून बरी नसती तर निदान चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण पोर गुणाची. मला बोलावायची, शेजारी जागा करायची. मी म्हणायचे, मला नाही असले पोरखेळ जमत, आणि आत जाऊन भांडी जरा जोरातच लावायचे.

त्याच दिवसांत मी औरंगपुऱ्यात एका दुकानाच्या पायरीवरून घसरले. गुडघा सोलवटला, पिशवीतले बटाटे गल्लीभर झाले. हे पुढे जाऊन गाडीवर बसलेले. "आवर ना लवकर, मागं गाड्या थांबल्यात," म्हणाले. बटाटे एका अनोळखी बाईने वेचून दिले. संध्याकाळी खार खड्ड्यात पडली आणि अस्वल धावलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघ्याला हळद लावत मी तो सगळा खेळ शेवटपर्यंत बघितला.

मग सून चुलतबहिणीच्या लग्नाला गंगापूरला माहेरी गेली. अस्वल एकटं पडलं. गेममध्ये पुढच्या दारापाशी दोन दगड होते, दोघांनी दोन दगडांवर उभं राहिल्याशिवाय दार उघडत नव्हतं. बराच वेळ ह्यांनी एकट्याने उड्या मारून पाहिल्या. शेवटी स्वयंपाकघरात आले.

"येतीस का जरा? एकट्याला दार उघडत नाय."

मी म्हटलं, हात कणकेचे आहेत. तर म्हणाले, धुऊन ये.

मी खार झाले. दार उघडलं, पलीकडे नदी होती. नदीवरच्या ओंडक्यावरून हे सरसर पुढे गेले आणि मी तिसऱ्याच पावलाला खाली, काठाच्या खड्ड्यात. समोर मधाच्या बरण्या वाहत चालल्या होत्या.

"पडलीस व्हय? थांब, आधी मध घेतो."

रिमोट मांडीवर ठेवून मी पडद्याकडे बघत राहिले. खड्ड्यात ती एवढीशी खार बसलेली. हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं.

"सून पडली की मध दिसत नव्हता तुम्हाला," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. अस्वल ओंडक्यावर थांबलं, वळलं आणि सावकाश मागे यायला लागलं. तोवर बरण्या एकेक करून बुडाल्या. अस्वलाने हात दिला, खार उठली.

"लागलं का लई?" ह्यांनी विचारलं. पडद्याकडे बघतच विचारलं, पण ते खारीला नव्हतं.

मी मांडीवरचा रिमोट उचलला. हे पुन्हा पुढे निघाले, आणि अस्वल ओंडक्याच्या मध्यावर पोचल्यावर मी नीट बेतून परत त्याच खड्ड्यात उडी मारली.

"आता गं कशी पडलीस?"

"मुद्दाम," मी म्हणाले. "या उचलायला."