तिच्या हाताच्या उंचीवर

नव्या घरात अजून नुसत्या विटांच्या भिंती आहेत. दिवस मावळला तसा वायरमननं नमुन्याला वर टांगलेला दिवा आपोआप लागला. "बघा आबा, आता बटणं नकोत, सगळं फोनवरच," मुलगा हरखून म्हणाला. माझ्या बायकोचा हात मात्र सवयीनं भिंतीकडं गेला, आणि हात जोडायचे राहूनच गेले.

जुन्या घरात रोज तिन्हीसांजेला ती बटण दाबते आणि त्या साध्या दिव्याला हात जोडते. मी दोन बुकं शिकलेला, देवळातसुद्धा न वाकणारा माणूस. पण तेवढ्यापुरता हातातलं काम टाकून बघत राहतो. उजेड तिच्या बोटांतून हळूहळू उतरतो आणि घर जागेवर आल्यासारखं वाटतं. उजेड न बोलावताच येऊन बसला, तर हात कधी जोडायचे?

"एक बटण पाहिजे," मी म्हणालो.

"आबा, कशाला हट्ट?"

"मग तिन्हीसांजेला हात कोण जोडणार? तुझा फोन?"

वायरमन हसला. "आजोबा, किती उंचीवर बसवू?"

मी तिचा हात धरला आणि विटेवर टेकवला. "इथं."

"अहो, लोक बघतायत," ती पुटपुटली. पण हात काही तिनं काढला नाही.