विलायती देवळांचे पुस्तक आणि माझ्या अर्जाची शेवटची ओळ

अर्जदार: लोणावळ्यातील एका बंगल्याची माजी राखणदारीण, मळवलीकडच्या शेतकरी घरातील विधवा, जिला लहानथोर मावशी म्हणतात. विरुद्ध पक्ष: त्या बंगल्याचा नवा मालक. साक्षीदार: एकच, टांगेवाला. काळ: साठ सालानंतरचा, तंट्याच्या वेळी भातकापणीचे दिवस. अर्ज लिहिणारा: मी स्वतः. नावे जाणूनबुजून गाळली आहेत. ज्यांनी केले त्यांना आपली नावे ठाऊक आहेत.

मी सातवी फायनलपर्यंत शिकलो. पुढे गणिताने मला अडवले. तथापि कचेरीबाहेर चिंचेखाली बसून मी जे अर्ज लिहिले, त्यांतील एकही मजकुराच्या दोषाने परत आला नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. म्हणूनच पुढील हकिगत माझ्या जिव्हारी लागलेली आहे.

बंगल्यात पूर्वी एक वृद्ध इंग्रज बाई राहत. राज्य गेले तरी त्या गेल्या नाहीत. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक होते. त्यात त्यांच्या विलायतेतील जिल्ह्याच्या जुन्या जुन्या चर्चची चित्रे डकवलेली होती. काही छापील, काही तपकिरी पडलेले फोटो. सारी त्यांच्या वडिलांनी जमवलेली. मावशींनी ते एकदा मला दाखवले होते. चौकोनी बुरूज, सुईसारखे कळस, वेलींनी गिळलेल्या भिंती, कललेल्या थडग्यांची आवारे. खालची इंग्रजी अक्षरे मला लागली नाहीत. मावशींना तर कोणतीच लागत नव्हती. पण त्या बोट ठेवून न चुकता सांगत, "ह्यो घड्याळाचा. ह्यो बिनकळसाचा. हितं पूर आलता. आन ह्ये बारकं, मेंढरांच्या माळावरचं, ह्ये बाईंचं सोताचं."

ते बारके म्हणजे आपल्या माळावरच्या भैरोबाच्या देवळाएवढे एक प्रार्थनाघर. बाईंचे वडील तेथे उपदेश करीत आणि आवारात बाईंची आई पुरलेली होती. बाई आपल्या मराठीत म्हणत, "मावशी, इथे माझा आई झोपला." आईच्या तिथीला त्या पानावर एक फूल ठेवीत आणि पुस्तक मिटीत.

पुढे बाई कायमच्या विलायतेस निघाल्या. टांग्यात बसताना त्यांनी ते पुस्तक मावशींच्या हाती दिले आणि सांगितले, "फूल तू ठेव." टांगेवाला लगाम धरून समोर होता. त्याने हे पाहिले आणि ऐकले.

मावशींनी फूल ठेवले. त्याबरोबर कुंकवाचे एक बोटही लावले. बाईंची आई सवाष्ण गेली, हे बाईंनीच त्यांना सांगितले होते. मग सवाष्णीच्या समाधीला कुंकू लावायचे नाही तर कुठे लावायचे? ही चूक म्हणायची तर म्हणा. आमच्या मावळात तिला रीत म्हणतात.

नव्या मालकाने एके दिवशी मावशी राहत त्या मागच्या खोलीत ते पुस्तक पाहिले. घर सामानासकट घेतले, तेव्हा हे सामान माझे, असे तो म्हणाला. मावशींना चोर म्हणाला. कुंकवाचा डाग दाखवून, वस्तू नासवली, असेही म्हणाला. पुस्तक दिवाणखान्यात गेले आणि मावशींना खोली सोडण्याचा हुकूम झाला.

मावशी चिंचेखाली आल्या. "भाऊ, खोली जाऊ द्या. पन चोर न्हाई मी. येवढंच लिवा."

मी लिहिले. मालकाच्या नावे अर्ज, गावच्या चार मंडळींस प्रती. उत्तम लिहिले. ठरल्या दिवशी सर्व जण बंगल्याच्या व्हरांड्यात जमले. त्याआधी, आत शिरताना, फाटकापाशी टांगेवाला मावशींना म्हणाला, "काय मावशी, विलायती देवाला निवद कशाचा? पावाचा?"

"तुज्या घोड्याला इचार," मावशी म्हणाल्या. "तुज्यापरीस त्याला जास्त कळतं."

मंडळी हसली. त्यानंतर कोणी हसले नाही.

मालकाने अर्ज वाचला. मधला सारा मजकूर, ज्यावर मी दोन दिवस घालवले, तो त्याने ओलांडला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली: "अर्जदाराच्या हातून काही चूक घडली असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी." मग कागद मंडळींसमोर धरून म्हणाला, "ही घ्या कबुली. खाली अंगठाही आहे."

मी उठून सांगितले की ही अर्जाची रीत आहे. विहिरीच्या अर्जात, हरवलेल्या रेशनकार्डाच्या अर्जातही मी हीच ओळ घालतो. गुरूंनी मला तशीच शिकवली.

"म्हणजे प्रत्येक अर्जात खोटं लिहिता?" त्याने विचारले.

मी साक्षीसाठी टांगेवाल्याकडे पाहिले. त्याचा टांगा रोज याच फाटकातून पाहुणे नेत-आणत असे. तो पायातल्या वहाणेकडे बघत म्हणाला, "मला काय याद न्हाई." मंडळींनी चहा घेतला.

बाहेर आल्यावर मावशींनी मला एवढेच विचारले, "भाऊ, चूक झाली म्हून लिवलं, ती कुटली चूक? मी तर सांगितली न्हवती."

त्या मळवलीला भावाकडे गेल्या. भातलावणीला बायका त्यांना शेजारी घेत, पण पाटल्या-बिलवर काढून बांधावर ठेवायच्या झाल्या की आधी मावशींकडे बघून घेत. हे त्यांनी मला सांगितले नाही. त्यांच्या भावाने सांगितले. पुस्तक मात्र दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी उघडे असते आणि मालक म्हणतो की कुंकवाच्या डागामुळे ते फार जुने वाटते!

मला मालकाचा संताप आहे, टांगेवाल्याचा आहे, चहा पिणाऱ्या मंडळींचा आहे. परंतु रात्रंदिवस जाळतो तो माझ्याच लेखणीचा संताप. निर्दोष माणसाच्या तोंडी न विचारता क्षमा घालण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? त्या दिवसापासून ती ओळ मी कोणाच्याही अर्जात लिहिलेली नाही. त्यापायी दोन गिऱ्हाइके उठून शेजारच्या लेखनिकाकडे गेली. जावोत.

सबब आज, मावशी हयात असताना, त्याच मालकास पुन्हा लिहीत आहे. पुस्तक परत द्यावे. ते देणे होत नसेल तर निदान ते बारक्या प्रार्थनाघराचे पान द्यावे, कारण तिथी जवळ आली आहे. आणि बाईंनी ते पुस्तक मावशींना आपल्या हाताने दिले होते, मावशींनी चोरले नव्हते, असे लेखी कळवावे.

या अर्जात कोणतीही चूक कबूल केलेली नाही व क्षमा मागितलेली नाही. उत्तर मावशींच्या नावे मळवलीस पाठवावे. त्यांना वाचता येत नाही. ते मी स्वतः जाऊन, भातलावणीच्या बायका बांधावर बसलेल्या असताना, मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तरी अक्षर स्पष्ट असावे.