सायलीची गोष्ट आणि काट्यावरचा सुनील

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका होतील. शाळा चौथीपर्यंतच झाली. समजून घ्यावं.

आमच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे फळं निवडून खोक्यात भरतात तिथे, दरवर्षीची पूजा होती. भटजी खोळंबले होते. सत्यनारायणाला जोडपं लागतं, आणि आमच्या शेठची बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली. भटजी म्हणाले, "कुणीतरी नवराबायको बसा लवकर." तेव्हा कामावरच्या सुमनकाकू मोठ्यांदा म्हणाल्या, "बसवा की सुनील आन् गणेशला. जोडा शोभतोय."

बायका हसल्या. वाईट मनाने नाही, कौतुकानेच. पण दारात ड्रायव्हर लोक उभे होते. तेही हसले, आणि त्यांचं हसू वेगळं होतं. सुनीलच्या हातात प्रसादाचं पातेलं होतं. ते त्याने खाली ठेवलं आणि बाहेर गेला.

इंदापूरच्या एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये मी ग्रेडिंगच्या बायकांवर मुकादम आहे. ग्रेडिंग म्हणजे फळ हातात फिरवून बघायचं. डाग नाही, तडा नाही, तो एक नंबर माल. बाकीचा दोन नंबर. सुनील काट्यावर, म्हणजे वजनाला होता. गणेश पिकअपचा ड्रायव्हर. दोघं एका खोलीत राहायचे. ते एकमेकांचे कोण आहेत हे मला कळलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तसं बरं चाललं होतं.

पूजेच्या महिनाभर आधी सायली सुट्टीपुरती कामाला आली. बारामतीला कॉलेजात शिकणारी मुलगी. मोबाईलवर एका ॲपवर ती गोष्ट लिहायची, तिच्या वयाच्या मुली वाचतात तसली. गोष्टीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं एकमेकांच्या प्रेमात पडतात. जेवणाच्या सुट्टीत ती वाचून दाखवायची. छान लिहिते. मलाही ऐकावंसं वाटायचं. दोघं पावसात भिजायचे, शर्ट अंगाला चिकटायचा, मग एक रडायचा आणि दुसरा त्याचे डोळे पुसायचा. पुढच्या भागात परत तेच, फक्त पावसाऐवजी उजनी धरणाचं पाणी. बायका म्हणायच्या, "आजून वाच."

नावं दुसरी होती. पण एका मुलाच्या अंगावरची खूण सुनीलची होती, ती बायकांनी ओळखली. (इथली नावं मीही बदलली आहेत, आणि खूण कोणती ते लिहीत नाही.) मग त्या दोघांना न्याहाळू लागल्या. दोघं एका डब्यात जेवले की एकमेकींना कोपर मारायच्या. कुणी त्यांचा पाठमोरा फोटो काढला. तडकलेलं फळ एक नंबरात जाऊ लागलं. मी ओरडले की म्हणायच्या, "आमी काय वाईट बोलतोय का ताई? आमाला आवडत्यात ती."

पूजेच्या दुसऱ्या दिवशी शेठनी मला ऑफिसात बोलावलं.

"काय भानगड हाय, शालनबाई?"

"भानगड काय न्हाय. वजनात कधी फरक आला का?"

"न्हाय. काम चोख हाय सुनीलचं. पण ड्रायव्हर काट्यापाशी दात काढत थांबत्यात. वरकुट्याचा माल सकाळधरनं गाडीतच हाय."

"मग ड्रायव्हरला सांगा."

"ती दुसऱ्यांच्या गाडीवरची माणसं. माझं ऐकत्यात व्हय?"

म्हणजे जाणार कोण, ते ठरल्यासारखंच होतं.

शेठ काय म्हणाले ते कळल्यावर संध्याकाळी सायली क्रेटांच्या मागे रडत बसली होती. मी तिच्यापाशी होते. सुनील तिथे आला.

"दादा, मी तुमच्या बाजूनंच लिहिलंय," ती म्हणाली. "लोकांना तुमचं दुःख कळावं म्हणून."

"पंधरा दिसांमागं गणेशच्या आईचं आपरेशन झालं तवा दवाखान्यात खाली चटईवर मी झोपायचो. तुला ठाव हाय, डबा तूच आणला व्हतास. ते न्हाय लिवलंस."

 ती खरं तेच बोलली. "ते कोण वाचणार, दादा?"

"मग तुज्या वाचणाऱ्यांस्नी आमी नकोच हाय. भिजल्याली पोरं पायजेत." तो चिडला नव्हता, दमला होता. "आन् दर भागात रडवतीस. आमी रडल्याबिगर चांगलं दिसत न्हाय का तुला?"

मला मध्ये काही बोलायचं होतं. कामाव्यतिरिक्त मला बोलता येत नाही. मी क्रेट लावत राहिले.

ड्रायव्हरांच्या तोंडून गणेशच्या गावी कळलंच. त्याचा चुलता गेटवर येऊन नको ते बोलून गेला. त्या आठवड्यात दोघांनीही काम सोडलं. सायलीने गोष्ट काढून टाकली. पण वाचणाऱ्या मुली मागे लागल्या, तेव्हा खूण पुसून परत ॲपवर टाकली. आता शेवटी एक जण मरतो. मुली फार रडल्या म्हणे.

मला एवढंच कळलं. माणूस आवडला की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं. त्याची काळजी असली तर कधी कधी मान फिरवून आपलं काम करावं लागतं.

काट्यावर नवा माणूस आहे. माल वेळेत उतरतो. सुनील आणि गणेश एकत्रच राहतात, आणि गणेशची आईही त्यांच्यापाशी असते. मी एकदा जाऊन चहा पिऊन आले. कुठे, ते लिहीत नाही.