पाटावर बसवलेले अप्पा

मंडळी, या सदरातले गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. नांदेडला एका पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दिवा लागला नाही तर सोल्डरचा जोड तपासायचा, नवस बोलायचा नाही, ही माझी रीत. आज लिहितोय ते माझं मत बदललं म्हणून नाही... कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी लातूरला वारले. आई ते घर सोडून नांदेडला यायला तयार होईना. धाकटी बहीण मंगल शेजारच्याच गल्लीत राहते, ती बघायची. पण आई भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाठ करूनच बसायची. मला वाटलं, आपल्या हातात विद्या आहे, काहीतरी करावं.

जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन, एक छोटा बोर्ड, सुताराकडून करून घेतलेली सागवानी चौकट. नांदेडच्या माझ्या कॉम्प्युटरवर एआय अप्पांच्या फोटोंतून नवीन चित्रं तयार करायचं आणि ती नेटवरून या चौकटीत यायची. अप्पा गच्चीवर, अप्पा माहूरच्या पायऱ्यांवर. आमच्या स्वयंपाकघराचाही फोटो मी दिला. त्यातून आलेल्या चित्रात अप्पा आपल्या नेहमीच्या जागी, पाटावर मांडी घालून बसले होते. इतकं हुबेहूब, की मी तेच कायम ठेवलं. चौकट स्वयंपाकघरातल्या फळीवर लावली आणि खुशीत नांदेडला परतलो.

चूक तिथेच झाली. आमच्या घरात माणूस पाटावर बसला की ताट वाढायचं. आणि आई उभ्या जन्मात अप्पांच्या आधी जेवलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी मंगलचा फोन. "दादा, आई जेवंना गेलीय. ताट वाढून फोटूसमोर बसलीय. तू ये बाबा."

मी लातूर गाठलं. आईला शुगर आहे. गोळ्या घेऊन उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ. चौकटीसमोर भाकरी, वरण, ठेचा... सगळं वाळून गेलेलं.

"आई, अप्पा गेलेत."

"मला ठावं न्हाई व्हय? शेवटचं पाणी मीच पाजलं." तिचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. "पन समोर बसलेत ना, उपाशी. तूच बसवलास. मी कशी गिळू?"

मी चौकट बंद केली. तशी भडकली, "भरल्या ताटावरनं माणूस उठवायलास? हेच शिकलास का नांदेडात?"

पुन्हा चालू केली. लॅपटॉप उघडला आणि अप्पा जेवतानाचं चित्र करून पाठवलं. हातात घास, चेहऱ्यावर समाधान. आईनं नीट न्याहाळलं.

"ह्यो कोन?"

"अप्पाच की."

"तुझ्या अप्पाला उजव्या हाताला पाच बोटं कवा व्हती रं?"

तेव्हा मला आठवलं. तरुणपणी दाल मिलच्या पट्ट्यात अप्पांची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं होतं. तेव्हापासून ते डाव्या हातानं जेवायचे, आणि फोटो काढताना उजवा हात उपरण्याखाली झाकायचे. एकाही फोटोत तो हात नाही. मशीनला कळणार कुठून? मी शब्दांत सांगून पाहिलं. कधी सहा बोटं यायची, कधी हातच गायब. आई दरवेळी नुसती मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे हात थरथरायला लागले. साखरेचं पाणी तोंडाशी नेलं तर तिनं ओठ मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करा. ती चौकटीसमोरून हलेना. मंगल रडत रडत माझ्यावर ओरडली, "लई हुशार ना तू? मग उठव आता त्यान्ला! न्हाई तर हिलाबी बसव त्यांच्याशेजारी, फळीवर!"

मी लॅपटॉप मिटला. राउटरचं बटण बंद केलं, चौकटीत येणारं नेटच तोडलं — का, ते मला अजून सांगता येत नाही. हरलो होतो एवढंच. फळीसमोर उभा राहिलो आणि हात जोडले. हो, मी जोडले. म्हणालो, "अप्पा, जेवा हो. तिच्यासाठी तरी जेवा."

आणि चित्र बदललं.

पाट रिकामा होता. अप्पा मोरीपाशी पाठमोरे वाकून डावा हात धूत होते. तांब्या उजव्या हातात. त्या हाताला दोन बोटं नव्हती... त्या जागची ओढलेली, चकचकीत कातडीसुद्धा तशीच होती. पाटासमोरचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ. कडेला भाकरीचा तुकडा, चिमण्यांसाठी ते रोज ठेवायचे तसा.

मंगलनं माझा दंड घट्ट धरला. "दादा, तू केलास का हे?"

मी मिटलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"जेवले," आई म्हणाली. त्या वाळलेल्या ताटातलीच भाकरी तिनं वरणात कुस्करली आणि जेवली. सगळं संपवलं. मग म्हणाली, "ने आता हे. परत कुठं बसवू नको त्यान्ला."

चौकट नांदेडला आणली. बोर्ड, मेमरी कार्ड, कॉम्प्युटर, सगळं उलटंपालटं करून तपासलं. ते चित्र कुठेच नाही. तयार झाल्याची खूण नाही, आल्याची नाही. सहकारी म्हणतो, "सर, ताण होता, भास झाला असेल." तिघांना? एकच भास?

आई आता वेळेवर जेवते. माझाच घास उतरत नाही. भास म्हणून सोडून द्यावं, तर सुटका आहे. पण भास नसेल तर?... मी चौकट लावल्यापासून अप्पा खरोखरच तिथे बसले होते का? मी बसवलं म्हणून, भरल्या ताटासमोर, मी "जेवा" म्हणेपर्यंत उपाशी?

तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मला कुणी सांगत नाही.